जामीन मावशी

रोसिओने मेदियालुनांचं खोकं टेबलावर ठेवलं आणि नेलिदाचं काळीज चर्र झालं! त्या लोणीदार, गोड चंद्रकोरी पावांचा वास घरभर पसरला होता खरा… पण खोक्याखालून एक कागदाचा कोपरा डोकावत होता. आजवर या घरात जे जे खोकं आलं, त्या प्रत्येकाखाली असाच एक कोपरा होता!

"जामीन हवाय ना?" नेलिदाने खोल सुस्कारा टाकून विचारलं.

रोसिओ लाजेने लालबुंद झाली. "मावशी, तुला कसं कळलं?"

कसं कळलं! ब्वेनोस आयरेसमध्ये जागा भाड्याने घ्यायची तर शहराच्या हद्दीत स्वतःची जागा असलेला जामीन लागतो, आणि अख्ख्या फेरेइरा खानदानात अशी जागा एकच… नेलिदाच्या या बोएदोमधल्या तीन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नऊ लांबचे भाचे-पुतणे, एक मानलेला मुलगा आणि त्याची घटस्फोटित बायको, सगळ्यांना तिने सह्या दिल्या होत्या. सगळे धापा टाकत वर यायचे, नळीने येर्बाच्या पानांच्या चहाचे दोन कडू पेले ओढायचे, सही झाली की रिकामा पेला परत देत "आभारी आहे" म्हणायचे. आणि पेला देताना आभार मानले म्हणजे 'पुरे, आता निघतो'! मग धाडधाड जिना उतरत नाहीसे. मी काय माणूस आहे की दस्तऐवज? हा प्रश्न त्या माउलीने कित्येकदा उशीला विचारला होता, पण उशी कसली बोलते!

पण रोसिओ काही 'सगळ्यां'पैकी नव्हती. ती हायदेची मुलगी होती. सख्ख्या धाकट्या बहिणीची… जिने अकरा वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, त्या हायदेची!

"तुझ्या आईला ठाऊक आहे, तू इथे आलीयेस ते?"

"आईला? मावशी, ती छपरावर चढून किंचाळेल! पण मी तरी काय करू? नोकरी इथे, घर तिकडे वारेलात, रोज येऊन-जाऊन चार तास बसमध्ये. आईचं घर केवढं मोठं, अंगणात लिंबाचं झाड! पण ते हद्दीबाहेर. एजंट म्हणतो, जामिनाच्या दृष्टीने त्या घराची किंमत कांद्याच्या सालीएवढी! हे तेवढं तिला सांगू नकोस हं."

नेलिदाला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरले. "बरं, जागा कुठली बघितलीस ती दाखव."

रोसिओने उत्साहाने फोन पुढे केला. "बघ, गच्चीवर पोहण्याचा तलाव! आणि भाडं तर सगळ्यांपेक्षा कमी!"

"आणि मेंटेनन्स?"

"ते… खाली बारीक अक्षरात आहे."

"वेडाबाई! बारीक अक्षरातच तर खरं भाडं असतं! तलाव आहे म्हणजे त्याचं पाणी तू भरणार. दोन लिफ्ट, दोन रखवालदार, सगळे तुझ्या पगारावर पोसले जाणार. आणि भाडं वाढणार कधी?"

"दर तीन महिन्यांनी, महागाईच्या आकड्याप्रमाणे."

"मग चार वाढी धरून वर्षाचा हिशोब कर. आणि 'भरपूर उजेड' लिहिलंय ना? संध्याकाळी जाऊन बघ, दिवा न लावता. पोरी, मागच्या बाजूची जागा घे, दुसऱ्या मजल्यावरची, बिनलिफ्टची. रस्ता दिसणार नाही, पण महिनाअखेरीला जेवण दिसेल!"

रोसिओने फोन बंद करून खोक्याखालचा कागद पुढे सरकवला. नेलिदाने पेन उचललं… आणि तिचा हात थबकला.

कारण सही केली की तिच्या या जागेचा मालकीचा उतारा निघणार. आणि त्या उताऱ्यात काय आहे, हे जगात फक्त तिलाच ठाऊक होतं!

जागा मुळात आईची, आणि नऊ वर्षं आईची सेवा नेलिदाने केली होती. अकरा वर्षांपूर्वी आई गेल्यावर वकिलाकडे हायदे संतापाने म्हणाली होती, "घे, गिळ सगळं एकटीच!" आणि चष्मा न लावताच दाणदाण सह्या ठोकून निघून गेली होती. तिला वाटलं, आपण हक्क सोडला. पण ते कागद हक्क सोडण्याचे नव्हतेच! ते दोघींना समान वारस ठरवणारे होते. नेलिदाने फोन केला, आपटला गेला. पत्र पाठवलं, न उघडता परत आलं. मग तिचाही स्वाभिमान पेटला… माझ्या बहिणीने यावं ते माझ्यासाठी, अर्ध्या जागेसाठी नको! आधीच्या सगळ्यांच्या वेळी आई जिवंत होती; उतारे आईच्या नावाचे निघाले आणि सह्या नेलिदाने आईची मुखत्यार म्हणून केल्या. आता मात्र गुपित फुटणारच, आणि मग हायदे आली तरी कशासाठी आली, हे आयुष्यभर कळणार नाही!

तिने समोर पाहिलं. चार तास बसमध्ये झिजणारं ते कोवळं पोर…

"सही देते," ती कष्टाने म्हणाली. "पण एजंटकडे तुझ्या आईला घेऊन ये."

मंगळवारी हायदे आली! सणासुदीचा कोट, ओठांवर लाली, आणि नाक छताकडे. एजंट पेद्रासांच्या कचेरीत ती बरोबर एक खुर्ची सोडून बसली.

"रोसिओ, त्या बाईंना सांग, मी सहीबिहीसाठी आले नाही."

"रोसिओ, त्या बाईंना विचार, मग कशासाठी आल्या?"

"आई, मावशी, मी काय पोस्टमन आहे?"

हायदेचा आवाज एकाएकी फुटला. "ही म्हणाली, त्या दिवशी हिला सोडायला खाली आलीस आणि वर जाताना जिन्यात धापा टाकत… मध्येच बसलीस! म्हणून बघायला आले. बघितलं. केवढी वाळलीस गं, नेली!"

नेली! अकरा वर्षांनी! नेलिदाच्या अंतःकरणात काहीतरी वितळलं, आणि एवढ्यात पेद्रासा घसा खाकरून वाचू लागले, "उताऱ्यावर मालक दोन आहेत. नेलिदा फेरेइरा आणि हायदे फेरेइरा. दोघींची सही लागेल."

"ही हायदे कोण?" हायदे गरजली.

"आई… तू!"

हायदे गर्रकन नेलिदाकडे वळली.

"अकरा वर्षं मी तुला सगळीकडे चोर म्हणत फिरले! सांगितलं का नाहीस?"

"फोन आपटलास!"

"पत्र लिहायचं!"

"परत पाठवलंस!"

"मग दारात येऊन उभं राहायचं!"

"मोठी मी आहे, तू यायचंस!"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हमसून हमसून रडल्या की पेद्रासांनी टिशूचं अख्खं खोकं पुढे सरकवलं. ते खोकं खरं तर भाडं ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं होतं!

दोघींच्या सह्या झाल्या आणि मागच्या बाजूची, बिनतलावाची जागा रोसिओला मिळाली.

पुढच्या रविवारी बोएदोमधली बेल वाजली. दारात हायदे, नेलिदापेक्षा जास्त धापा टाकत, हातात मेदियालुनांचं खोकं. नेलिदाने ते टेबलावर ठेवलं, मग हळूच उचलून खाली बघितलं.

"काय शोधतेयस?"

"काही नाही." खरंच, काही नव्हतं!

"बरं, या घरातला माझा अर्धा कुठला?"

"जो पावसात गळतो तो."

"वाटलंच मला!"

संध्याकाळपर्यंत नेलिदाने तीनदा पाणी तापवलं. येर्बाचा पेल्यामागून पेला रिकामा होत राहिला… आणि हायदेने एकदाही "आभारी आहे" म्हटलं नाही!