रेंजची भिंत

भिंत वाटेच्या डावीकडे होती की उजवीकडे, यावर परंतुसरांचं आजही स्वतःशी एकमत होत नाही. कधी ती डावीकडे उभी असलेली आठवते, कधी उजवीकडे. आणि एकदा हे डळमळलं, की बाकीचंही आपण मनानेच रचलं नाही ना, अशी शंका त्यांना कुरतडू लागते. शंका घेणं हा त्यांचा जन्माचा धंदा. भूगर्भशास्त्र शिकवताना प्रत्येक विधानाला ‘परंतु’ जोडायची त्यांना सवय. विद्यार्थ्यांनी नाव पाडलं परंतुसर, आणि पुढे घरातही तेच रुळलं. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाहुण्यांना सांगायच्या, “लग्नाला होकारसुद्धा ह्यांनी परंतु लावूनच दिला.”

त्या वेळी सर निघाले होते ते साध्याच कामासाठी. तरुणपणी अभ्यासलेल्या, दूरच्या बर्फाळ डोंगरांतल्या एका कड्यावरचे खडकांचे थर एकदा शेवटचे पाहून यावेत, एवढंच. बाईंचं हृदयाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. त्यांनीच सरांना घराबाहेर काढलं. “इथे बसून तासातासाला माझी नाडी मोजाल, त्यापेक्षा जा आणि दगड मोजा.”

घाट चढताना गाडीच्या मागे दरड कोसळली आणि परतीचा रस्ता बंद झाला. पुढच्याच वळणावर सरांच्या फोनमध्ये क्षणभर जीव आला आणि मुलीचा निरोप पडला. आईचं अचानक बिघडलं होतं. ऑपरेशन उद्या सकाळीच करणार होते. ‘बाबा, काहीही करून फोन करा. ती हटून बसली आहे. म्हणते, यांचा आवाज ऐकल्याशिवाय मी आत जाणार नाही.’

बाई शब्दाच्या पक्क्या. जाणार नाही म्हणजे जाणार नाही. आणि ऑपरेशन लांबवणं म्हणजे विस्तवाशी खेळ, हे डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांनी घाईघाईने नंबर लावला. तोवर रेंज गेली होती.

“इथे सगळ्या कंपन्या सारख्याच, सर,” ड्रायव्हर म्हणाला. “भेदभाव नाही. एकीचीही लागत नाही.”

वाटेवरच्या मुक्कामघरात त्यांनी रात्र काढली. वीज नव्हती. सरांनी फोन बंद करून उशाशी ठेवला. त्याच्यात उरलीसुरली धुगधुगी होती, ती सकाळपर्यंत पुरवायची होती.

सकाळी मुक्कामघर चालवणाऱ्या मावशींनी चहा पुढे केला आणि खिडकीतून वर बोट दाखवलं. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

“वर खिंडीत एक पडकी भिंत आहे. तिला टेकून उभं राहिलं की फोन लागतो.”

“नक्की लागतो?”

“लागतो. कुणाला लागेल ते मात्र सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“दुसऱ्याच कुणाचा आवाज आला, तर कापायचा नाही. इथली रीत आहे. जो येईल त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं, बोल म्हटलं तर बोलायचं. तो ठेवेल तेव्हाच आपण ठेवायचं.”

“मावशी, मला मागे सासू लागली होती,” ड्रायव्हर म्हणाला. “तिचाही कापायचा नाही?”

“तुझी सासू भिंतीशिवायसुद्धा लागते. चहा पी.”

सरांना हसू आलं नाही. “अहो, परंतु तिकडे माझी बायको…”

“पलीकडे सगळ्यांचंच कुणी ना कुणी असतं,” मावशी कप विसळत म्हणाल्या. “तुम्ही त्यांचं ऐका. तुमचं कुणीतरी ऐकतं.”

ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. सर काठी टेकत एकटेच निघाले. धुकं इतकं दाट, की काठीचं टोक दिसेना. ओल्या दगडाचा, गंजल्या लोखंडासारखा वास नाकात भरला होता. आपल्याच धापेशिवाय आवाज नाही. मग पुढे कुठेतरी घंटा किणकिणली. धुकं जरा विरळ झालं तेव्हा दिसलं, एक खेचर वाटेने चाललं होतं, एकटंच. त्याचा एक कान अर्धा तुटलेला होता. सर थांबले की तेही थांबे, निघाले की तेही निघे.

भिंत आली. कमरेएवढी, चुन्याशिवाय रचलेली. सरांनी पाठ टेकवली, फोन सुरू केला. बॅटरीची लाल रेघ कशीबशी तग धरून होती. त्यांनी बाईंचा नंबर लावला.

पलीकडे रिंग गेली. कुणीतरी उचलला.

“आहेस ना रे?”

आवाज बाईंचा नव्हता. फार म्हाताऱ्या, दमलेल्या कुणाचा तरी होता.

सरांनी फोन कानापासून काढून पाहिला. पडद्यावर बाईंचंच नाव होतं. त्यांचा अंगठा लाल बटणावर गेला. कापावं, पुन्हा लावावं. एकदाच लावण्यापुरती धुगधुगी होती. एकदाच… आणि तिकडे ती हटून बसलेली.

“आहेस ना? मला आता नेतील… तोवर बोल काहीतरी.”

अंगठा तिथेच थिजला. तिकडे आपली बाईही कुणालातरी हेच म्हणत असेल, असं सरांना वाटलं. तसं वाटण्याला पुरावा काहीच नव्हता. जन्मभरात प्रथमच त्यांनी पुराव्याशिवाय एक गोष्ट मानली.

“आहे,” ते म्हणाले. “मी इथेच आहे.”

“काय दिसतंय तुला?”

सर सांगू लागले. धुकं सांगितलं. भिंत सांगितली. अर्ध्या कानाचं खेचर सांगितलं, ते आपल्याकडे वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं बघतंय, म्हणाले. पलीकडे कुणीतरी क्षीण हसलं. पायाखालचा दगड किती जुना आहे ते सांगितलं. हा थर इथे बसला तेव्हा इथे समुद्र होता, पाहायला कुणी नव्हतं आणि तरीही लाटा येत होत्या, हेही सांगितलं. “भिऊ नका,” ते म्हणाले. “सगळं नीट होणार आहे.” असं ठाम वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते त्यांना कळलं नाही.

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आजूबाजूला कुजबुज चालली आहे. परीक्षेआधी वर्गाबाहेर असते तशी, पण खालपासून वरपर्यंत, सगळ्या खिंडीभर. वारा आला, धुकं फाटलं. दरीच्या पलीकडे बर्फाचे सुळके एकामागे एक उभे होते, नजर पोचेल तिथवर. माणूस एकही नव्हता. कुजबुज मात्र चालूच होती, असंख्य आवाजांची, मायेची, समजावणीची. सरांचे हात आपोआप जोडले जाणार होते, पण एका हातात फोन होता.

फोनचा पडदा काळा पडला होता. कधी पडला कुणास ठाऊक…

“बरं झालं बोललास,” त्या काळ्या फोनमधून आवाज आला. “निघते मी.”

मग सगळंच शांत झालं. खिंडसुद्धा.

रस्ता मोकळा झाला तसे सर जीव मुठीत धरून शहरात पोचले. हॉस्पिटलच्या जिन्यावरच मुलगी भेटली. “झालं बाबा. सुखरूप आहे.” सर तिथेच पायरीवर बसले.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. खोलीत दोघंच असताना त्या म्हणाल्या, “काय छान बोललात हो त्या दिवशी. मी म्हटलं, मला आता नेतील, तोवर बोला. आणि तुम्ही बोलतच राहिलात. एकदासुद्धा परंतु नाही!”

“काय… काय बोललो मी?”

“विसरलात इतक्यात? तो समुद्र. आणि ते अर्ध्या कानाचं खेचर. आहे का हो ते बरं?”

“आहे,” सर म्हणाले. “बरं आहे.” खिंडीतल्या प्रकाराविषयी याहून जास्त ते बाईंशी कधी बोलले नाहीत. कुणाशीच बोलले नाहीत.

बाई त्यानंतर पुष्कळ जगल्या. त्या गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, बापलेक त्यांचं कपाट आवरत बसले होते. खणातून चष्म्याची जुनी केस निघाली. मुलीने ती हातात घेतली.

“बाबा, एक विचारू? ऑपरेशनच्या सकाळी तुम्ही आईला फोन केला होता?”

“केला होता. तिने घेतला ना.”

“तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता. नर्सने आधीच बंद करून माझ्याकडे दिला होता.”

“मग ती कशावर बोलली?”

मुलीने केस पुढे केली. “ही कानाला धरून. बराच वेळ. हसली, हो हो म्हणाली, आणि मग मुकाट्याने आत गेली.”

“इंजेक्शनचा अंमल असेल,” सर म्हणाले. “परंतु…”

“मलाही तेच वाटलं. म्हणून तिला आत नेताना हळूच हातातून काढून घेतली. आणि काय मनात आलं कोण जाणे, माझ्या कानाला लावून पाहिली.”

सरांनी केस हातात घेतली.

“आत घंटा वाजत होती, बाबा. जनावराच्या गळ्यात असते तशी. एखादं जनावर सावकाश उतरत असावं, तशी.”