नाडी हाय का?

सिरसाळ्याच्या पुढे, वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक छोटा पूल आहे. त्याच्या कठड्यावर एक मुलगी पायातला बूट काढून पोटरी चोळत बसली होती. थंडीचे दिवस. दोन्ही अंगांना करडई पिवळीधमक झालेली आणि उन्हाला नुकती कुठे ऊब आलेली. एक मोटारसायकल तिच्या समोरून पुढे गेली, थांबली... आणि चालवणाऱ्याने ती पायांनीच ढकलत मागे आणली.

"आप्पारावांची वस्ती कुठं हाय?"

"कावून?" मुलीने मानसुद्धा वर केली नाही.

"मेंढरांना लस टोचायचीय. मी पशुवैद्यकीय दवाखान्यातून आलो. शिवशंकर माझं नाव."

"मंग सरळ जावा. कुत्रं भुकलं की थांबा. चावलं की समजा, बरोबर ठिकाणी आलात."

तो हसला. हसताना चष्म्यामागे त्याचे डोळे आधी बारीक होत आणि ओठ मागून हलत, हे तिने तिरक्या नजरेने टिपलं आणि पुन्हा पोटरीकडे पाहू लागली.

"आन् तुमच्या पायाला काय झालं? मुरगळला?"

"न्हाई. रुसलाय."

मोटारसायकल निघून गेली. वनमालाने हळूच बूट चढवला. पाय आता बरा होता. हीच तर गंमत होती. दोन वर्षांपासून ती पोलीस भरतीसाठी धावत होती. सुरुवातीला वाऱ्यासारखी सुटायची, पण थोडं अंतर गेलं की उजव्या पोटरीला कुणीतरी दोर पिळावा तसा पीळ पडायचा. पाऊल गार व्हायचं, बोटं पांढरी पडायची. जरा बसलं की सगळं जागच्या जागी. डॉक्टरांपुढे जायची तेव्हा पाय अगदी शहाण्यासारखा वागायचा. एकाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, एकाने मलम दिलं, एकाने कमरेचा फोटो काढून कमरेत काही नाही असं सांगितलं. सराव घेणारे सर तर म्हणाले होते, दम लागतो आणि नाव पायाचं घेतेस. ते शब्द तिला पोटरीपेक्षा जास्त दुखत.

ती वस्तीवर पोचली तेव्हा कुत्रं डॉक्टरच्या पायाशी लोळत होतं.

"हे तर चावलं न्हाई," शिवशंकर म्हणाला. "मी बरोबर ठिकाणी आलोय ना?"

"ही माझी पोरगी, वनमाला," आप्पाराव म्हणाले. "मेंढरं धरायला हिच्यासारखं कुणी न्हाई."

ते खरंच होतं. ती एकेक मेंढी गुडघ्यांत धरी, तो सुई टोची. काम चाललं तसं बोलणंही चाललं. तो आष्टीकडचा, त्याच्याही घरी मेंढरं. एक मेंढी सुस्त दिसली तेव्हा त्याने तिच्या मागच्या मांडीच्या आतून बोटं लावली आणि घड्याळाकडे पाहत गप्प झाला.

"काय मोजताय?"

"नाडी. मेंढीची हितं लागती. माणसाची मनगटात लागती, तशी पायातबी लागती. घोट्याच्या आतल्या बाजूला."

"मंग माझ्या पायात बहुतेक नसंलच," ती हसत म्हणाली. "पळलं की पाऊल मेल्यावानी गार पडतंय."

तो हसला नाही. मेंढी सोडून त्याने तिला नीट विचारायला सुरुवात केली. कधी दुखतं, किती पळाल्यावर, बसल्यावर राहतं का, बोटांना मुंग्या येतात का. मग वनमालाच्या मायकडे, कडूबाईंकडे वळून म्हणाला, "मावशी, हिच्या घोट्याला हात लावून बघू का?"

"बघा की," मायच्या आधी आप्पारावच, म्हणजे वनमालाचे आबाच बोलले. "मेंढराला बघता तशी हिलाबी बघा."

वनमाला बाजेवर बसली. त्याची बोटं घोट्याच्या हाडामागे टेकली. थंडगार बोटं. तिला उगीचच कुत्र्याकडे पाहावंसं वाटलं.

"हाय नाडी. चांगली लागती. आता गुडघा ताठ करा... आन् पंजा खाली ताणा. जोर लावून."

तिने ताणला. त्याच्या कपाळावर आठी पडली. बोटं तिथेच राहिली.

"काय झालं? गेली का नाडी?"

"गेली," तो हळूच म्हणाला. "सोडा आता... हां, आली."

दुसऱ्या पायाला त्याने तसंच करून पाहिलं. तिथे नाडी जागची हलली नाही.

"मी जनावरांचा डॉक्टर हाय," तो उठत म्हणाला. "माणसाचं निदान मी करायचं न्हाई. पण कॉलेजात माझा एक मित्र कबड्डी खेळायचा. त्याला असंच व्हायचं. लई दिवस अंगावर काढलं त्यानं, मंग नस बंद पडली आन् दुसरीकडची नस काढून जोडावी लागली. ज्या बाईंनी ऑपरेशन केलं त्या संभाजीनगरला असतात. एकदा दाखवून या. उशीर नका करू."

संभाजीनगरच्या त्या बाई म्हणजे डॉक्टर मंजुषा, रक्तवाहिन्यांच्या सर्जन. त्यांनी वनमालाच्या पायाची सोनोग्राफी आधी पाऊल सैल ठेवून केली, मग ताणायला लावून. पडद्यावरचा लाल झरा ठिपकत ठिपकत आटला. दुसऱ्या दिवशी नसांत औषध सोडून फोटो काढले, तेही दोन्ही तऱ्हांनी. शिवशंकर सोबत आला होता. वाट दाखवायला, असं तो म्हणाला. संभाजीनगरचा रस्ता आबांना काही नवा नव्हता, पण आबांनी त्याचंही तिकीट काढलं.

"गुडघ्याच्या मागून पायाची मोठी धमनी खाली जाते," डॉक्टर मंजुषांनी समजावलं. "तुझ्या पायात पोटरीच्या स्नायूचा एक पट्टा जन्मापासूनच तिच्यावरून आडवा गेलाय. बसलीस की रक्त नीट वाहतं. धावलीस, पोटरी आवळली, की पट्टा धमनीला दाबतो. दुर्मीळ आहे, म्हणून लवकर लक्षात येत नाही. पण तू बहाणे करत नव्हतीस, एवढं नक्की."

वनमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"पाण्याच्या पायपावर म्हशीनं पाय द्यावा, तसं म्हणा की," आबा म्हणाले.

"अगदी तसंच. म्हशीला बाजूला करायचं. तो पट्टा कापून धमनी मोकळी करायची. धमनी अजून चांगली आहे, म्हणून आत्ताच करूया. धावायला तीनेक महिने लागतील."

तीन महिने. भरतीची मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात होती.

बाहेरच्या व्हरांड्यात वनमाला शिवशंकरवर उखडली. "तुमी त्या दिवशी लस टोचून गेला असता तर काय बिघडलं असतं? मी दात खाऊन पळाले असते. आठशे मीटर तर पळायचंय."

"पळा की," तो शांतपणे म्हणाला. "मी कोण अडवणारा?"

"मंग असं तोंड कावून केलंय?"

"माझं तोंडच असं हाय."

ती रागारागाने आबांच्या मागे निघाली. पण वळून एकदा पाहिलंच. तो तिथेच उभा होता, हातात तिच्या फोटोंचं पाकीट, द्यायचं विसरलेला.

सात-आठ दिवसांनी परळीच्या मैदानावर सराव होता. वनमाला दात खाऊनच पळाली. अर्ध्यात पीळ पडला, तरी पळाली. शेवटच्या वळणावर पाऊल जमिनीला लागतंय की नाही तेच कळेना. ती बाजूला जाऊन बसली, बूट काढला, चोळत राहिली. नेहमी पाय लगेच बरा व्हायचा. त्या दिवशी बोटं पांढरीच राहिली. सोबतच्या मुली पळून, पाणी पिऊन, डबे उघडून बसल्या तरी पाय गार. तेव्हा मात्र ती घाबरली. कबड्डी खेळणारा तो न पाहिलेला मित्र तिच्या डोळ्यांपुढे आला. बोटांत हळूहळू रंग परतला तशी तिने फोन काढला.

"डॉक्टर, मी वनमाला. ऑपरेशन करायचं म्हणते."

"कधी निघायचं?" शिवशंकरने विचारलं. "भरतीचं काय" हे त्याने विचारलं नाही, म्हणून तिला तो फार आवडला. तो आधीपासूनच आवडत होता, ही गोष्ट वेगळी.

ऑपरेशन नीट झालं. गुडघ्यामागे एक छोटीशी शिवण घेऊन वनमाला वस्तीवर परतली आणि बाजेवर पडून हुकूम सोडू लागली. रोज संध्याकाळी मोबाईलवर शिवशंकरचा मेसेज येई.

"नाडी हाय का?"

ती घोट्यामागे बोटं लावून बघे आणि लिही, "हाय."

एवढंच. पण मेसेज यायची वेळ झाली की ती फोन उशाशी घेई आणि माय चुलीपुढून गालात हसे. मेंढरांकडेही डॉक्टरच्या खेपा वाढल्या होत्या. कधी जंताचं औषध, कधी गोचिडांचं.

"आता काय पाजायचं राहिलंय?" आबांनी एकदा विचारलं. "पाण्यापरीस औषधच जास्त झालं मेंढरांना."

एका संध्याकाळी वनमालाला खोडी सुचली. "नाडी हाय का?" असा मेसेज आला तेव्हा तिने लिहिलं, "न्हाई." आणि फोन पालथा घातला.

अंगणातली पाखरं झाडात शिरायच्या आत मोटारसायकल आली. ती नीट उभी न करताच तो धावला. गाडी आडवी झाली, कुत्रं पळालं. तो बाजेपुढे गुडघ्यांवर बसला, तिचा घोटा धरला आणि डोळे मिटून नाडी शोधू लागला. घाईत तो घोट्याच्या भलत्याच बाजूला चाचपत होता, त्याला काही लागेना.

"हाय," वनमाला कसंबसं म्हणाली. "मी... गंमत केली."

त्याने डोळे उघडले. तिला वाटलं आता हा रागावेल. तो रागावला नाही. चेहरा पांढराफटक पडलेला, केसांत धूळ, आणि डोळ्यांत असं काही की तिचीच नजर खाली गेली.

"अशी गंमत नका करू, वनमाला," एवढंच तो म्हणाला.

"न्हाई करणार." आणि मग अगदी हळू, "तू म्हना. तुमी-तुमी कावून करता मला?"

उन्हाळ्यात ती चालता चालता पळू लागली. आधी पुलापर्यंत, मग पुढे. पीळ पडायची वाट बघत पळायची आणि पीळ पडायचाच नाही. पुढची भरती अनपेक्षितपणे लवकर निघाली आणि ऐन आषाढात, भुरभुर पावसात, बीडच्या मैदानावर तिची चाचणी आली. मैदान निसरडं, कपडे अंगाला चिकटलेले. शिट्टी झाली. ती शेवटच्या वळणावर पोचली, तिथे पाय तसाच गरम, तसाच तिचा. मग तिने राखून ठेवलेला सगळा जोर काढला. रेघ ओलांडणाऱ्या मुलींत तिच्या पुढे एकच होती.

लेखी परीक्षा अजून बाकी होती, पण कडूबाईंना दम नव्हता. बीडला आलोच आहोत तर कपिलधारला दर्शनाला जाऊन यायचं, त्या म्हणाल्या. आईबाप तिथल्या स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला रांगेत लागले. वनमाला आणि तिची चाचणी बघायला आलेला शिवशंकर धबधब्याजवळ येऊन थांबले. पाणी कड्यावरून असं कोसळत होतं की मोठ्याने बोलावं लागे आणि मोठ्याने बोलायचं तर नेमकं बोलता येईना.

"माझी बदली झाली," तो शेवटी म्हणाला. "पाटोद्याला."

"मंग?"

"मंग... तुमच्या मेंढरांना आता दुसरा डॉक्टर येईल."

"मेंढरांचं भागंल," ती म्हणाली. "माझं काय?"

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. तुषारांनी चष्मा पार भरला होता आणि त्यामागे त्याचे डोळे दिसत नव्हते.

"तू पोलीस होणार. ट्रेनिंगला जाशील, मंग कुठंबी नेमणूक होईल. मी हितं खेड्यांतून फिरणारा... तुला चालंल का, हे विचारायचं होतं. लई दिवसांपासून विचारायचं होतं, पण तू पेशंट होती. बरं न्हाई दिसलं असतं."

"मी तुमची पेशंट कधी होते? तुमी तर जनावरांचे डॉक्टर."

आता मात्र तो हसला. आधी डोळ्यांनी हसला असणार, पण ते दिसलं नाही. तिने पुढे होऊन त्याचा चष्मा काढला, ओढणीचा कोरडा कोपरा शोधून काचा पुसल्या आणि पुन्हा नीट त्याच्या कानांवर बसवला. बोटं क्षणभर गालावर राहिली.

"चालंल मला," ती म्हणाली. "मायला ठाऊक हाय. आबाला आज मी सांगते. तुमी फक्त शेजारी उभं राहा."

"आन् आबा चिडले तर?"

"तर पळायचं," वनमाला म्हणाली. "पण माझ्या बरोबरीनं पळावं लागंल."

पायऱ्यांवरून आबा आणि माय प्रसादाची पुडी घेऊन खाली येत होते. तिने त्याचा हात धरला आणि दोघं त्यांच्या दिशेने वर चढू लागले.