नवरंगची बैठक

वैष्णवी धारला गेली होती ती नाचायला. मैत्रिणीच्या भावाची वरात होती, आणि भर माघात मावठा, म्हणजे इकडचा अवकाळी पाऊस, असा काही कोसळला की नवरदेवासकट सगळी मंडळी पळाली ती थेट समोरच्या पोह्याच्या दुकानात. वैष्णवी साडी सावरत उलट्या बाजूला धावली आणि टायरच्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरली. तिथे आधीच अकरा माणसं अंग चोरून उभी होती. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, हातात पितळी वाद्यं. नवरंग बँड.

नवरंग म्हणजे कोण, हे त्या भागात सांगावं लागत नाही. धार घ्या, अमझेरा घ्या, सरदारपूर घ्या, लोक आधी नवरंगची तारीख घेतात आणि मग भटजींना मुहूर्त विचारतात. वैष्णवी स्वतः त्यांच्यापुढे तीन लग्नांत नाचली होती. पण तिला कुणी विचारलं असतं की बाई, हा बँड तू ऐकलायस का कधी, तर तिने छातीठोकपणे हो म्हटलं असतं... आणि ते साफ खोटं निघालं असतं.

कारण त्या पत्र्याखाली क्लॅरोनेटवाल्याने वाद्याच्या तोंडाशी असते ती पत्ती भिजली का ते बघायला म्हणून ते ओठांना लावलं, आणि मग तो वाजवतच राहिला. नाचायचं गाणं नव्हतं ते. एक संथ, जुनी चाल होती. वर जाताना जराशी थबकणारी... वैष्णवीच्या पदरातून पाणी निथळत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"हे काय होतं?" त्याने वाद्य खाली घेतल्यावर तिने विचारलं.

तो दचकलाच. "पणजोबांची चाल आहे. संस्थानच्या बँडमध्ये होते ते. तुम्ही... सुन रही थीं? म्हणजे, ऐकत होता?"

"मग काय करत होते?"

"नाही, कोई सुनता नहीं ना. लोक नाचतात. कुणी ऐकतंय याची सवयच गेलीय."

"वरातीत का नाही वाजवत ही?"

"मार खाऊ का?"

"मला तर नाही मारावंसं वाटलं."

"अजून पूर्ण ऐकली कुठे तुम्ही," तो म्हणाला, आणि हसला. डाव्या गालावर खळी होती मेल्याच्या. पाऊस तेवढ्यात थांबला आणि वैष्णवीला आयुष्यात पहिल्यांदा थांबलेल्या पावसाचा राग आला.

त्याचं नाव योगेंद्र. त्यानंतर तो दर गुरुवारी बस बदलून इंदूरमार्गे देवासला, तिच्या गावी, येऊ लागला. कारण काय, तर वाद्य दुरुस्तीला टाकायचंय. देवासला क्लॅरोनेट दुरुस्त करणारा एकही माणूस नाही हे वैष्णवीला पक्कं ठाऊक होतं. तरी कारखान्यातून सुटली की टेकडीच्या पायऱ्यांवर शेंगदाण्यांची पुडी घेऊन बसायची, आणि दुरुस्त न झालेलं ते वाद्य तिच्यासाठी हळूच वाजायचं.

घरी मात्र अण्णा होते. वैष्णवीचे वडील. चाळीस वर्षांपूर्वी सांगलीहून इथे कारखान्यात नोकरीला आले, निवृत्त झाले, आणि आता त्यांचा जीव की प्राण म्हणजे श्रवण मंडळ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पंचवीसेक रसिक त्यांच्या गच्चीवरच्या हॉलमध्ये जमत. तिथली रीत मोठी गमतीची होती. एकेकाने उठून कबूल करायचं की अमुक एक नाव जगाला माहीत आहे, मीही चारचौघांत मान डोलावतो, पण खरं सांगायचं तर मी ते कधी ऐकलेलं नाही. मग सगळ्यांनी मिळून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आणि ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा अण्णांचा कडक नियम.

वैष्णवीने एका सकाळी चहाबरोबरच सांगून टाकलं. "अण्णा, मला योगेंद्रशी लग्न करायचंय. धारच्या नवरंग बँडचा तो मुख्य वादक आहे."

अण्णांनी कप खाली ठेवला. "वरातीतला बँडवाला?"

"हो."

"माहीत आहे मला नवरंग. नाही."

"ऐकलाय?"

"शंभर वेळा."

"मग काय वाजवतात ते?"

"ते... वरातीचंच काहीतरी," अण्णा म्हणाले. स्वयंपाकघरात आईच्या, वासंतीबाईंच्या, लाटण्याचा आवाज बंद झाला.

"ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही," वैष्णवी शांतपणे म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

"बोलाव रविवारी," अण्णा शेवटी म्हणाले. "पण मी लग्नाचं काही कबूल केलेलं नाही."

"मी केलंय," वैष्णवी म्हणाली.

आता पंचाईत एवढीच होती, की हे अजून योगेंद्रला ठाऊक नव्हतं. गुरुवारी पायऱ्यांवर तिने सांगितलं तेव्हा शेंगदाणा त्याच्या घशातच अडकला.

"तुम्ही घरी सांगितलं... मला सांगायच्या आधी?"

"तुम्ही सांगाल म्हणून चौदा गुरुवार वाट बघितली. अजून किती बघू?"

त्याने तोंड खालच्या रस्त्याकडे फिरवलं. कान मात्र लाल झाले होते. मग म्हणाला, "मी परीक्षा द्यायला येणार नाही, वैष्णवी. कुर्ता घालून, एकटा, मांडी घालून... ते मी नाही. आलो तर अकराच्या अकरा जण येऊ. लाल कोटात."

"लाल कोटातच या. मी त्याच माणसाला हो म्हटलंय."

"पण मी विचारलं कुठे अजून?"

"मग विचारा."

"रविवारनंतर विचारतो," तो म्हणाला. "आधी ऐकू तर द्या लोकांना."

रविवारी सकाळी दहा वाजता नवरंग बँड अण्णांच्या जिन्याने वर चढला तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. कुणाचं लग्न आहे, म्हणून शेजारच्या उमाबाईंनी दोनदा विचारलं, आणि त्याही वर येऊन बसल्या. हॉलमध्ये अकरा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. अण्णा स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी कबूल करतो. नवरंग बँडचं नाव मी तीस वर्षं घेतोय. ऐकलेला नाही."

बँड बसला. सुरू झाला. आणि... सगळं फिसकटलं. ढोल मागे राहिला, क्लॅरोनेट पुढे पळालं, तुताऱ्या एकमेकींना शोधत बसल्या. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, अण्णांनी डोळे मिटून घेतले, आणि योगेंद्रने वाद्य खाली घेतलं. कपाळावर घाम होता.

"माफी द्या," तो म्हणाला. "असं कधी होत नाही..."

सत्तरीचा ढोलवाला तुकाराम त्याच्या कानाशी लागला, पण आवाज ढोलवाल्याचाच, सगळ्यांना ऐकू गेला. "भिया, पाय कहाँ चल रहे हैं? बैठे-बैठे ताल कहाँ से आएगी? जनमभर चलतच वाजवलंय ना आपण."

वैष्णवी ताडकन उठली. कुणाला विचारलं नाही, अण्णांना तर नाहीच. "खुर्च्या उचला," ती म्हणाली. "सगळ्यांच्या. मध्यभागी ठेवा, पाठीला पाठ लावून. बँड भोवतीने चालेल."

"वैष्णवी, बैठकीत असं..." अण्णा म्हणाले.

"पूर्ण ऐकायचंय ना, अण्णा? मग उठा."

अण्णा उठले. पाच मिनिटांत पंचवीस रसिक हॉलच्या मधोमध बसले, आणि नवरंग बँड भिंतीकडेने पाऊल टाकू लागला. तुकारामचा पाय पडला, ढोल पडला. मग तीच चाल आली, पणजोबांची. ती फिरत फिरत कधी समोरून यायची, कधी पाठीमागून, आणि लोक माना वळवायचेसुद्धा विसरले. कुणी नाचलं नाही. चाळीस मिनिटं कुणी बोललंही नाही. वैष्णवीच्या समोरून जाताना योगेंद्रने एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की आपण आता पुरत्या गेलो.

संपल्यावर सगळे अण्णांकडे बघू लागले. पहिलं मत त्यांचं असायचं. अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"तिसऱ्या फेरीत," ते सावकाश म्हणाले, "तू घाई केलीस."

योगेंद्रने मान खाली घातली. "केली, काका. तिसऱ्या फेरीत मी हिच्याकडे बघितलं."

उमाबाई हसल्या, आणि मग सगळा हॉलच हसला. योगेंद्र मात्र हसत नव्हता. त्याने क्लॅरोनेट तुकारामच्या हातात दिलं आणि तसाच, लाल कोटात, वैष्णवीसमोर येऊन उभा राहिला.

"रविवारनंतर विचारणार होतो," तो म्हणाला. "पण आता राहवत नाही. तू मला आवडतेस. खूप. त्या पत्र्याखाली तू ऐकत उभी होतीस ना, तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," वैष्णवी म्हणाली.

अण्णा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं की काय कोण जाणे, पण ऐकून झालं होतं, आणि खोटं मत द्यायची त्या माणसाला सवय नव्हती.

"ते ठीक आहे," ते कुरकुरत म्हणाले. "पण तू घोड्यावर बसलास तर वाजवणार कोण?"

"घोडा नकोच," वैष्णवी म्हणाली. "चालत या. वाजवत या. मी दारात उभी राहून पहिल्या स्वरापासून ऐकणार आहे."