तीन कोरी वर्षं

इंदूरच्या सियागंज बाजारात, हार्डवेअरच्या दुकानात नंदिनी छपराच्या पत्र्याचे हुक वाकवून पाहत होती, तेव्हा शेजारून कुणीतरी शांतपणे विचारलं, "किती वाऱ्यासाठी?"

तिनं मान वळवली. चष्मा, केसांवर मे महिन्याची धूळ, हातात नवंकोरं कुलूप.

"सेकंदाला अठ्ठेचाळीस मीटर," ती तोऱ्यात म्हणाली. "शंभर सालात एकदा येतो असा वारा. कोकणात समुद्राजवळ हॉस्पिटल बनवतोय आम्ही."

"म्हणजे आता शंभर वर्षं निवांत?"

"मतलब... हो."

"त्या शंभर वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त आहे. आणि पुढच्याच वर्षी आला, तर त्याला कॅलेंडर दाखवणार का?"

चार वर्षं इमारतींची गणितं करत होती ती, पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

"बिटिया, हुक लेना है कि नहीं?" दुकानदारानं विचारलं.

कुलूपवाल्याचं नाव अनीश. दोन महिन्यांपूर्वी देवगडकडून इंदूरला आलेला, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा. वादळी वाऱ्यांचे अंदाज हाच त्याचा अभ्यास. हॉस्पिटल कुठल्या गावात, हे तिनं सांगितलं आणि त्याच्या हातातलं कुलूप निसटून काउंटरवर आपटलं.

"आमच्याच गावात? माझी आई नर्स आहे तिथं. जुना दवाखाना पाडून तेच बांधताहेत."



मग भेटी होत गेल्या. नंदिनी जवळच्या महूहून ऑफिसला बसनं यायची, आणि स्टॉपसमोरच्या पोह्यांच्या गाडीपाशी अनीश... योगायोगानं उभा असायचा.

"तुमच्या मराठीत हिंदी किती टक्के आहे हो?" एकदा त्यानं विचारलं.

"मोजा ना, अनीशजी. तुमचं कामच आहे ते."

"एका दिवसाच्या नोंदीवर काही सांगता येत नाही. रोज ऐकावं लागेल."

"तर ऐका. मना कुणी केलंय?"

तेवढ्यात धुळीची वावटळ उठली आणि तिची ओढणी थेट त्याच्या चष्म्यावर जाऊन बसली. ती काढायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला... आणि तिनंही घाई केली नाही.

तीन आठवड्यांनी तिनं हौसेनं त्याला आपला तक्ता दाखवला. गावाशेजारच्या बंदरावरच्या मनोऱ्यावर मोजलेल्या वाऱ्याची बावीस वर्षांची नोंद, दर वर्षीचा सगळ्यात जोरदार झोत. त्यावरूनच तो अठ्ठेचाळीसचा आकडा निघाला होता.

अनीशचं बोट तीन रिकाम्या रकान्यांवर थांबलं. "ही वर्षं?"

"नोंदच नव्हती. सोडून दिली. उरलेल्या एकोणीसवर अंदाज काढला."

त्यानं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "नंदिनीजी... त्या तिन्ही वर्षी चक्रीवादळ आलं होतं. वारा मोजणारं यंत्रच उडून गेलं, म्हणून नोंद नाही. एकदा ते वाळूत पडलेलं मी स्वतः पाहिलंय."

सगळ्यात भयंकर तीन वर्षं तिनं कोरी म्हणून फेकून दिली होती. आणि छपराचं स्टील पुढच्या आठवड्यात निघणार होतं.

"तुमच्या ऑफिसातल्या सरांना सांगा," तो म्हणाला.

"नोकरी जाईल माझी. सही माझी आहे."

"तीन दिवस थांबतो, तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. तुम्ही नाही सांगितलंत, तर हॉस्पिटलच्या ट्रस्टला मी मेल करणार."

कालपर्यंत हिंदीचे टक्के मोजणारा माणूस तो हाच का? पोहे तसेच टाकून ती बसमध्ये चढली.

दोन दिवस तिनं त्याचा फोन उचलला नाही. पहिल्याच रात्री ताटातलं अन्नही तसंच राहिलं, तेव्हा फौजेतून रिटायर झालेल्या बाबांनी, भाऊरावांनी, तिला समोर बसवून सगळं काढून घेतलं. ऐकून ते एवढंच म्हणाले, "सही तुझी आहे ना बेटा? मग सांगायचंही तूच."

ती रजा टाकून बसली. जवळच्या हवामान ठाण्यांवरचे हवेच्या दाबाचे आकडे मिळवले, त्यावरून त्या तीन वादळांचा अंदाज बांधला आणि गणित पुन्हा केलं. उत्तर आलं सत्तावन्न. छपरावरचा जोर चाळीस टक्क्यांनी वाढला होता. तिनं तीनदा तपासलं. सत्तावन्नच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं कागद श्रीकृष्ण सरांच्या टेबलावर ठेवले. सर बराच वेळ वाचत राहिले.

"स्टील थांबवतो," शेवटी ते म्हणाले. "नोकरी राहील तुझी. पण या हॉस्पिटलवर आता तू नाहीस."

नोकरी वाचली, तरी डोळ्यांत पाणी का येतंय, हे तिलाच कळेना. ती तडक अनीशच्या कॉलेजात गेली. रिकाम्या वर्गात तो लॅपटॉप उघडून बसला होता.

"सांगून आले मी," ती दारातूनच म्हणाली. "सत्तावन्न येतोय. स्टील थांबलं. तुमचा मेल गेलाच असेल, पण त्याची गरज नव्हती."

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मेल पूर्ण लिहिलेला होता... आणि पाठवलेला नव्हता.

"मुदत बारालाच संपली," तो म्हणाला. "आता साडेचार वाजलेत. त्यात तुमचं नाव लिहावं लागलं. आई तिथं काम करते, पेशंट येणार आहेत... आणि माझं बोट हललं नाही. साडेचार तास असाच बसलोय."

प्रेमाची कबुली अशी असते? इतकी शरमलेली?

"पाठवायला हवा होता," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

"मी गेले नसते तर?"

"...नाही सांगता येत. माझीच मला भीती वाटतेय, नंदिनीजी."

ती त्याच्याशेजारच्या बाकावर बसली. राग आला होता, खूप. आणि तरी उठून जावंसं वाटत नव्हतं.

"अनीश," ती म्हणाली. नावापुढचं जी पहिल्यांदाच गळालं होतं. "पुढं कधी माझी चूक सापडली, तर पाठव. लगेच. मी भांडेन, रडेन, दोन दिवस फोन घेणार नाही—"

"आणि मग?"

"मग येईनच ना. जाणार कुठं?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू ऐकलं त्यावर विश्वासच बसत नव्हता. तिनं खडूनं माखलेला त्याचा हात हातात घेतला.

"आईंना फोन लाव," ती म्हणाली. "छपराचं मी सांगते... बाकीचं तू सांग."