मागच्या दोन पट्ट्या

"आली! अर्ध्यातूनच खाली आली!" भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की बागेतल्या बाकांवर पेंगणारी माणसं दचकून उठली.

"हळू बोल रे! अख्ख्या गावाला सांगायचंय का?" इंचीपट्टीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. ती त्याची मोठी बहीण. बाबा शिंपी असल्यामुळे हिच्या खिशात कायम मोजायची टेप आणि निळा खडू. दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून इंचीपट्टी. भोंग्याला भोंगा का म्हणतात, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशी मोठ्या बागेत कामाला होती. कंबरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचं हार्नेस बांधायचं, दोर लावून झाडावर चढायचं आणि वाळक्या, धोक्याच्या फांद्या कापायच्या, हे तिचं काम. पण आज ती धापा टाकत खाली उतरली आणि डावी मांडी चोळत गवतात बसली.

मुकादम लगेच पुढे आला. "पुन्हा पाय बधिर?"

"हो ना. मुंग्या आल्या. वर टिकताच येईना."

"आता वय झालं, बाई! हट्ट पुरे. परवा शुक्रवारी बागखात्याच्या मोठ्या बाईसाहेब येतायत. तळ्याकाठच्या झाडाची मोडकी फांदी खेळायच्या जागेवर लोंबतेय, ती त्यांच्यासमोर उतरली पाहिजे. तुम्हाला जमलं नाही तर सोमवारपासून माझा भाचा चढेल. तुम्ही खाली पाचोळा गोळा करा."

मावशी दोर गुंडाळू लागली. मावशीचा मुलगा मात्र दात-ओठ खात उभा होता. या पोराला दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तरी संशय यायचा. म्हणून सगळे त्याला शंकोबा म्हणत.

"माझा भाचा चढेल म्हणे!" मुकादम लांब गेल्यावर तो पुटपुटला. "ऐकलंत ना? यात काहीतरी काळंबेरं आहे!"

संध्याकाळी मावशी पाय लांब करून बसली होती. इंचीपट्टी तिच्या मांडीला तेल चोळत होती.

"हार्नेस चावतं का गं, मावशी?"

"नवंकोरं आहे गं! तीन आठवडे झाले घेऊन. दुकानात तीन-तीन घालून बघितली, तीही कामाच्या जाड पँटवर. एक हाडावर रुतत होतं, दुसऱ्यात मी मागे कलंडत होते. हे तिसरं मात्र अगदी खुर्चीत बसल्यासारखं! दुकानदाराने मला छताला टांगून पंधरा मिनिटं लोंबकळत ठेवलं होतं."

"छताला?" भोंग्याचे डोळे चमकले. "मला पण टांगा ना!"

"तुला तिथेच ठेवून येऊ," शंकोबा म्हणाला.

मावशी हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "पहिल्या दिवशी मस्त वाटलं. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू. रोज टाके बघते, बकल बघते. कंबरपट्टा हाडाच्या वर बसतोय, मांडीच्या पट्टीत तळहात सरकतोय. सगळं बरोबर आहे. म्हणजे चूक माझ्याच शरीरात असणार. मुकादम म्हणतो ते खरंच असेल."

हे ऐकून शंकोबा उठून गच्चीत गेला. त्याला आईचा हा आवाज मुळीच सहन झाला नाही.

गुरुवारी वर चढायचं काम नव्हतं. तिघांनी मावशीला ओढतच बागेत नेलं आणि एका बुटक्या फांदीला दोर बांधून लोंबकळायला लावलं. तिचे पाय जमिनीपासून वीतभरच वर होते. इंचीपट्टी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून थांबली.

"मावशी, तू वाकडी लोंबतेयस. डावीकडे कललीयस."

"माझं उजवं कंबरेचं हाड जरा वर आहेच, लहानपणापासून."

"मग पट्ट्या सारख्या कशा चालतील?" इंचीपट्टीने टेप काढली. कंबरपट्टा आणि मांडीच्या पट्ट्या यांना पाठीमागून जोडणाऱ्या दोन पट्ट्या होत्या. "बाबा सांगतात, कुणाचेही दोन खांदे सारखे नसतात. सारखा शर्ट शिवला की एक बाही वर जाते. हे बघ! मागच्या दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या आहेत!"

मावशी चमकली. "अगं, दुकानदाराने उजवी पट्टी दोन बोटं आखूड केली होती! एकदाच लावायची असते ती. अंगात घातल्यावर पाठीमागचं दिसत नाही, म्हणून मी कधी बघितलीच नाही."

उजवी पट्टी दोन बोटं आखूड केली. मावशी पुन्हा लोंबकळली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली.

"मुंग्या?" शंकोबाने श्वास रोखून विचारलं.

"छे रे! इथेच झोप लागेल मला!" मावशी खुदकन हसली. "सैल होऊन सरकली असेल पट्टी."

"सैल होऊन नेमकी सारखी होते?" शंकोबाने भुवया उंचावल्या. "आई, हे कुणीतरी मुद्दाम करतंय!"

"काहीतरीच तुझं!" मावशी म्हणाली.

पण इंचीपट्टीने खिशात हात घातला. तिने दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या बाजूला निळा खडू खसाखसा घासला. मग हार्नेस नियमाप्रमाणे कोठारात जमा झालं.

चहाच्या सुट्टीत तिघं कोठाराबाहेर रचलेल्या कुंड्यांच्या मागे दबा धरून बसली. कोठारकाका दारात स्टूल टाकून कात्र्या पुसत होते. त्यांचं कोठार म्हणजे आरसा होता. फावडी उंचीप्रमाणे, बादल्या आकाराप्रमाणे, दोरांची वेटोळी एकसारखी.

तेवढ्यात मुकादम आला. त्याने मागे बघितलं, डावीकडे-उजवीकडे बघितलं आणि मांजराच्या पावलांनी काकांच्या पाठीमागून आत शिरला. खतांच्या पोत्यांमागे, अगदी हार्नेसच्या खुंटीच्या बाजूला, दिसेनासा झाला.

"बघितलंत?" शंकोबा कुजबुजला.

अर्ध्या तासाने मुकादम बाहेर आला, कपडे झटकले आणि काही घडलंच नाही अशा थाटात निघून गेला.

"पकडला!" भोंगा कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते तरी तो कुजबुजला. कोठारकाकांनी मान वर केली.

"कोण रे ते? या, या, पोरांनो, बिस्किटं खा!"

बिस्किटं खाऊन तिघं पळाली.

शुक्रवारी सकाळी झाडाखाली ही गर्दी! बाईसाहेब हातात छत्री घेऊन उभ्या होत्या. वरची मोडकी फांदी वाऱ्यावर करकरत होती. कोठारकाकांनी हार्नेस आणून मावशीला दिलं आणि सवयीप्रमाणे भोंग्याच्या हातात एक बिस्कीट ठेवलं.

"चला, चढा लवकर!" मुकादम ओरडला. "बाईसाहेबांना वेळ नाही!"

मावशीने घाईघाईने बकल लावली. इंचीपट्टी टेप घेऊन तिच्या पाठीमागे धावली आणि जागीच थबकली.

"सारख्या आहेत! मावशी, पट्ट्या पुन्हा सारख्या झाल्यात!"

मग शंकोबाला कोण थांबवणार? तो थेट मुकादमासमोर जाऊन उभा राहिला. "माझ्या आईच्या हार्नेसला तुम्हीच हात लावता! काल चहाच्या वेळेला कोठारात काय करत होतात?"

सगळे वळून बघू लागले. मुकादमाचा चेहरा लालबुंद झाला. "मी? मी... जरा..."

"सांगा की!" बाईसाहेब म्हणाल्या.

"जरा पाठ टेकत होतो, बाईसाहेब," मुकादम खाली मान घालून म्हणाला. "पोत्यांमागे गार असतं."

माळ्यांमध्ये खसखस पिकली. पण शंकोबाला हसू आलं नाही. मुकादमाचे दोन्ही हात स्वच्छ होते. कुठेही निळा ठिपका नव्हता!

"ताई," भोंगा आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "माझं बिस्कीट निळं झालंय."

बिस्किटावर अंगठ्याचा सुबक निळा ठसा होता. इंचीपट्टीने बिस्कीट बघितलं, मग कोठारकाकांकडे बघितलं. शंकोबा तावातावाने पुढे जायला निघाला, तशी तिने त्याची बाही धरली.

"आता तू गप्प. चोर म्हटलंस तर ते नाहीच म्हणतील."

ती गोड हसत काकांजवळ गेली. "काका, तुमचं कोठार किती नीटनेटकं असतं हो! हार्नेसच्या पट्ट्यासुद्धा सारख्या! दुसरं कुणी एवढं करणार नाही."

काकांची छाती फुगली. "मग! रोज संध्याकाळी करतो बरं का! हे हार्नेस खुंटीवर वाकडं लटकायचं. वाकडं काही दिसलं की मला जेवण जात नाही. मागच्या पट्ट्या मोजून सारख्या केल्या की कसं सरळ टांगलं जातं! पण ही घालते तेव्हा काय करते कोण जाणे, काल पुन्हा वाकडंच आलं."

माळी एकमेकांकडे बघू लागले.

"कोठारकाका," मावशी सावकाश म्हणाली, "ते माझ्या हाडाप्रमाणे वाकडं होतं."

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसे ते मटकन गवतातच बसले. "म्हणजे तुझा पाय... एवढे दिवस... माझ्यामुळे? अगं, मला एका शब्दाने विचारायचं तरी सुचायला हवं होतं!" त्यांचे डोळे भरून आले.

"आता चढा बघू," मुकादम पुन्हा घाई करू लागला.

"थांबा!" इंचीपट्टी म्हणाली. "आधी पट्टी लावायची, मग खाली पंधरा मिनिटं लोंबकळायचं. दुकानातही तसंच केलं होतं."

"पंधरा मिनिटं? बाईसाहेबांना—"

"बाईसाहेब थांबतील," बाईसाहेब म्हणाल्या आणि छत्री मिटून बाकावर बसल्या.

पंधरा मिनिटांनी मावशी वर निघाली. दोरावर पाय रोवत ती पानांच्या पलीकडे गेली. खाली फक्त करवतीचा आवाज येत होता. शंकोबाने नखं कुरतडून संपवली. अर्धा तास गेला, एक तास गेला. फांदीचे तुकडे एकेक करून दोराने खाली येऊ लागले. शेवटचा मोठा ओंडका गवतावर अलगद टेकला, तेव्हा भोंगा असा ओरडला, की या वेळी कुणीच त्याला रागावलं नाही.

"शाबास, पोरांनो!" बाईसाहेब म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवलेत म्हणून एक चांगली कारागीर आज पाचोळ्यात बसली नाही. मुकादम, आजपासून ज्याचं हार्नेस त्यानेच लावायचं आणि त्यानेच टांगायचं. घाई कुणी करायची नाही. आणि झोपायचं असेल तर घरी."

मावशी खाली उतरली. चेहऱ्यावर भुसा, केसांत पानं, आणि दोन्ही पायांवर ताठ उभी! कोठारकाका तिच्यासाठी पाणी घेऊन धावले. तिने पाणी घेतलं आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

शंकोबा मात्र बाजूला उभा होता. "आई," तो शेवटी म्हणाला, "मी मुकादमकाकांवर संशय घेतला."

"हरकत नाही रे. झोप काढत होतेच ते."

"तसं नाही. त्याच्याही आधी मी तुझ्यावर घेतला होता. बुधवारी रात्री. मला वाटलं, तू खरंच म्हातारी झालीस."

मावशीने हातमोजे काढले आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मलाही तसंच वाटलं होतं रे, सोन्या," ती म्हणाली. "आपण दोघंही साफ चुकलो."