गुळवेलीचं आवतण

योगेश, तो मोबाईल आधी खाली ठेव. लाईट येईस्तोवर ऐक. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण हेमराज खोटं बोलणारा माणूस नव्हे. सुरतेत कापडाच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लूमवर होता, राहायला तिथंच भेस्तानला. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

सहा वर्षं झाली. पौष अमावस्येची संध्याकाळ. त्याची पोर गायत्री तापानं फणफणलेली. दवाखाने झाले, बाटल्या चढवून झाल्या, ताप हटेना. पोर हातची जाते की काय, असं झालेलं. त्याची आई सरलाबाई म्हणाली, "भाऊ, गुळवेल घर लई ये. पन आज तिले आवतन दे, सकायले तोड."

आपल्याकडे औषधाची वेल ओरबाडून आणत नाहीत. आदल्या सांजेला मुळाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, हात जोडायचे, उद्या घरी चल म्हणायचं.

कतारगामच्या बाजूला गोऱ्यांचं जुनं कबरस्तान आहे. तिथं एका कबरीवर वेल माजलेली. वॉचमन म्हणाला, ही कबर जर्मन डॉक्टरची. जहाजातून आलेला म्हणे. रोगी तपासायचा, आणि झाडपाला, पाखरं, किडे गोळा करायचा. जे नवं दिसेल त्यातलं थोडं वाळवून कागदात दाबून ठेवायचा.

इथं हेमराज चुकला. त्याला वाटलं, वेल डॉक्टरच्या जागेत, तर विचारायचं डॉक्टरलाच. तांदूळ त्यानं दगडावर ठेवले. म्हणाला, "साहेब, उद्या घरी या. पोरीला बरं करा."

आवतण वेलीला द्यायचं असतं, बाबांनो. यानं मालकाला दिलं.

रात्री बारा वाजून गेले. म्हणजे उद्या लागलाच की. बायको चंचल पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता पेंगली होती. हेमराजला जाग आली ती वासानं. वाळलेल्या पाल्याचा वास. दाराची कडी तशीच. पोरीच्या उशाशी कुणीतरी बसलेलं. उंच. काळा कोट.

त्यानं पोरीची पापणी वर केली. जीभ बघितली. केस बोटांत धरून बघितले. नाडी मात्र धरली नाही. हे हेमराजनं मला दोनदा सांगितलं. आपण बाजारात भेंडी निवडतो, तसं चाललं होतं.

"साहेब... पोरगी वाचेल ना?"

त्यानं पोरीची बोटं एकेक करून बघितली.

"साहेब... नेऊ नका तिला."

मग त्याची मान हलली. हो की नाही... कळलं नाही.

सकाळी ताप उतरलेला. गायत्री उठून बसली, म्हणाली, "माय, माले भूक लागनी." चंचल रडायलाच लागली. भाकरीचा तुकडा हातात देताना तिनं पाहिलं. पोरीच्या डाव्या करंगळीला नख नव्हतं. रक्त नाही. जखम नाही. नुसतं मऊ कातडं.

पोर यंदा दहावीला आहे, ठणठणीत. दवाखान्यात म्हणाले होते, नख परत येईल.

अजून आलेलं नाही.