दलदलीतली एकेचाळीस रोपं

ज्या सकाळी बायको गेल्याचा हॉस्पिटलातून फोन आला, त्या सकाळी तिची वही टेबलावर उघडीच होती. तेवीस वर्षं ती दलदलीच्या कुरणातली दवबिंदूची रोपं मोजत होती. बोटभर उंचीचं, चिकट पानांवर किडे पकडून खाणारं हे रोप. यंदाचा रकाना कोरा होता. रोप दिसलं नाही, तर कुरणाचं संरक्षण उठणार होतं.

महिन्याभरानं आम्ही तिघं निघालो: मी, मेव्हणी आणि कुरणाचा म्हातारा राखणदार.

"भावजी, पोहता येतं ना?"

"चिखलात कोण पोहतं?"

"बुडताना कळेल!"

लग्नानंतर बायकोनं मला पहिल्यांदा इथंच आणलं होतं. तेव्हा आसपासचे लोक बी गळल्यावर दरवर्षी गवत कापून न्यायचे. कुरण गुडघ्याएवढं असायचं, निळ्या फुलांनी भरलेलं. ती चप्पल हातात घेऊन पुढे पळायची. पुढे संरक्षण मिळालं आणि कापणीवर बंदी आली. आता डोक्याच्या वर पाणकणीस माजलं होतं.

तिनं मोजणीसाठी ठोकलेल्या खुंटांच्या ओळीनं, काठीनं चाचपत चाललो. अकरा खुंट झाले, रोप एकही नाही. बाराव्याला पाय घसरला. कमरेपर्यंत आत गेलो!

"हलू नका! मागे रेला!" राखणदार ओरडला.

मेव्हणीनं दोर फेकला. हुकला! चिखल छातीला लागला. पुन्हा फेकला. सापडला! दोघांनी ओढून काढलं. एक बूट खालीच राहिला.

"ताईनं आधी बुटासाठी झापलं असतं तुम्हाला," मेव्हणी म्हणाली आणि रडायला लागली.

राखणदारानं काठी उचलली. मग म्हणाला, "पाणकणसाच्या सावलीत खुंटांपाशी आता काही उरलेलं नाही. या माझ्यामागे."

खाटेएवढी मोकळी जागा. आखूड गवत. त्यात लाल पानं चमकत होती! मी पालथा पडून मोजली. एकेचाळीस.

"इथलं गवत कोणी कापलं?"

"बाईंनी. विळा पिशवीत लपवून आणायच्या. मी तेवढा वेळ पक्षी बघायचो."

मला ती कधीच बोलली नाही. बंदी आली तेव्हा मी वनखात्याच्या कार्यालयात कारकून होतो. कापणीबंदीचा आदेश मीच टाइप केला होता. गवत वाढलं तर कुरण वाचेल, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं होतं.

आकडा वहीत लिहिला. संरक्षण राहील. पण त्या मोकळ्या जागेत चारी बाजूंनी पाणकणसाचे कोंब शिरलेत. यंदाची कापणी अजून झालेली नाही.